मुल्की : लाटांचे आणि मर्यादेचे गाव

मूडबिद्री, कारकळ, वेणूर आणि धर्मस्थळ ही तुळुनाडूची यात्रा महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना नवी नाही. १४३० साली उभारलेल्या सहस्रस्तंभ बसदीत चंद्रप्रभ भगवंतांचे दर्शन घ्यावे, धवलादी सिद्धान्तग्रंथांच्या ताडपत्रांपुढे नतमस्तक व्हावे, कारकळच्या टेकडीवरील ४२ फुटी बाहुबलींना वंदन करावे आणि गाडी पुन्हा घाटाकडे वळवावी, असा क्रम ठरलेला असतो. समुद्र तेथून तासाभराच्या वाटेवर आहे, हे बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही.

वास्तविक त्या बसदींचे आणि समुद्राचे नाते फार जुने आहे. मूडबिद्रीच्या मंदिरांना व्यापारी श्रेष्ठींच्या दानाचा मोठा आधार होता, आणि या प्रदेशातील मिरी व तांदूळ समुद्रमार्गेच परदेशी जात असे. सहस्रस्तंभ बसदीच्या दगडी कोरीवकामात जिराफ आणि चिनी धाटणीचा ड्रॅगन दिसतो. ही रूपे कन्नड शिल्पकारांपर्यंत जहाजांच्या वाटेनेच पोहोचली असावीत. म्हणून मूडबिद्रीहून किन्निगोळीमार्गे पश्चिमेस उतरून मुल्कीला जाणे, हे एका अर्थी त्या वैभवाच्या उगमाकडे जाणे होय.

मंगळूरच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, शांभवी नदीच्या काठी मुल्की वसले आहे. येथील सत्ता पूर्वी सावंत अरसू या जैन घराण्याकडे होती. गावातील बाप्पनाडूचे दुर्गापरमेश्वरी मंदिर प्रसिद्ध आहे. बप्पा ब्यारी नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याची नौका शांभवीत अडली, त्याला देवीचा दृष्टान्त झाला, आणि जैन राजाच्या साहाय्याने त्याने हे मंदिर उभारले, अशी आख्यायिका आहे. हिंदू देवी, मुसलमान व्यापारी आणि जैन राजा यांना एका कथेत गुंफणारे गाव अनेकान्ताची शिकवण घेतलेल्या वाचकास आपलेसे वाटल्यावाचून राहणार नाही.

आज मात्र देशभरातील तरुण मुल्कीला येतात ते लाटांसाठी. अमेरिकेत जन्मलेले जॅक हेबनर तरुणपणी सर्फिंगमध्ये निष्णात होते. पुढे ते भारतात आले, गौडीय वैष्णव परंपरेत त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी नरसिंह झाले. २००४ साली शांभवीच्या काठी त्यांच्या आश्रमाने सर्फिंगचे शिक्षण सुरू केले. भारतातील या खेळाचा पाया येथे घातला गेला, असे मानले जाते. २०११ मध्ये सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तीतही मुल्कीच्या मंडळींचा पुढाकार होता. स्वामीजी २०२० मध्ये निवर्तले, पण त्यांनी घालून दिलेला शिरस्ता लक्षात राहण्याजोगा आहे. आश्रमात मांसाहार नाही, मद्य नाही, धूम्रपान नाही. जगभर ज्या खेळाभोवती रात्रीच्या मेजवान्यांचे वलय असते, तो खेळ येथे पहाटे उठून, जप आणि आरतीच्या सान्निध्यात शिकविला गेला.

सर्फिंगचे तंत्र ऐकण्यास सोपे आहे. नदीच्या मुखापाशी वाळूचा दांडा साचतो. खोल पाण्यातून येणारी लाट त्या उथळ भागावर उंचावते आणि फुटते. शिकणारा फळीवर पालथा पडून हातांनी पाणी कापतो, लाटेने फळी उचलताच एका झटक्यात उभा राहतो आणि किनाऱ्याकडे घसरत येतो. फळी दूर जाऊ नये म्हणून ती पायाला दोरीने बांधलेली असते. नवशिक्यांना मऊ पृष्ठभागाची फळी दिली जाते. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, तो काळ त्यांना योग्य. पावसाळ्यातील उग्र लाटा केवळ जाणकारांसाठी होत. ओहोटीच्या वेळी नदीमुखाशी पाण्याची ओढ घातक असते, म्हणून शिक्षकाच्या अनुज्ञेवाचून पाण्यात उतरू नये.

दक्षिणेस ससिहित्लू येथे नंदिनी आणि शांभवी या दोन्ही नद्या समुद्रास मिळतात. २०१६ मध्ये तेथे इंडियन ओपन ही राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुल्कीच्या आश्रमात धडे घेतलेल्या तन्वी जगदीश हिने फळीवर उभे राहून वल्हविण्याच्या क्रीडाप्रकारात राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

हा किनारा मोगवीर कोळ्यांचा आहे. जाळी, होड्या आणि वाळत घातलेली मासळी हे दृश्य जैन पाहुण्यास जड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपजीविकेची निंदा करून काहीच साधत नाही. या किनाऱ्यावरील काही तरुण आता सर्फिंगचे शिक्षक झाले आहेत. त्यांना मिळणारा मोबदला हा कोणत्याही जीवाची हिंसा न करता मिळविलेला असतो. पर्यायी रोजगार उभा राहील तरच मनुष्य जुना व्यवसाय सोडू शकतो, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावयास नको. ज्यांना अप्‌कायाच्या विचाराने समुद्रस्नान वर्ज्य आहे, त्यांनी काठावर बसून सामायिक करावे. भरतीचा एकसुरी नाद चित्त स्थिर होण्यास साहाय्यच करतो.

मुल्कीची शांतता मात्र आपोआप टिकणारी नाही. वाळूचा दांडा जागा बदलतो, पावसाळ्यात समुद्र किनारा खातो, आणि लोकप्रियतेबरोबर बांधकामाची ओढही वाढते. येथे जागा घेऊन मोठे हॉटेल उभारण्याचा विचार एखाद्या हिशेबी मनात येणे स्वाभाविक आहे. त्या हिशेबात एवढे अवश्य धरावे की शांतता हेच या गावाचे मुद्दल आहे, आणि ते मोडून मिळणारे व्याज फार काळ पुरत नाही. भोगोपभोग-परिमाण हे व्रत श्रावकास घरातील वस्तूंपुरतेच सांगितलेले नाही. निसर्गाचा उपभोग घेतानाही त्यास मर्यादा असावी, हे मुल्कीच्या आश्रमाने स्वतःच्या परंपरेतून दाखवून दिले आहे.

कोकण रेल्वेवर मुल्की स्थानक आहे. रस्त्याने जाणाऱ्यांसाठी राष्ट्रीय महामार्ग ६६ गावातूनच जातो. शाकाहारी भोजन मिळते, तथापि कंदमूळ वर्ज्य असल्याचे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन हवे असल्याचे आगाऊ कळवावे. मूडबिद्रीच्या यात्रेला दोन दिवस अधिक काढले तर आजी-आजोबांची वंदनाही निवांत होते आणि नातवंडांची समुद्राची हौसही पुरते. लाटेवर उभे राहावयाचे तर आधी तोल सावरावा लागतो. मुलांना हा धडा समुद्राकडून मिळाला, तर पुढे बसदीतील प्रवचनही त्यांना अधिक कळेल.