खडीच्या खाणींतील वनशाळा

हल्लीं बहुतेक कुटुंबांतील एखादा मुलगा किंवा पुतण्या दिल्लीकडे नोकरीस असतोच. तो गुडगांवास असेल व त्याच्याकडे जाण्याचा योग आला, तर कुतुबमिनार व लाल किल्ला पाहून झाल्यावर एक सकाळ मोकळी ठेवावी, अशी वाचकांस विनंती आहे. या शहराचें सरकारी नांव 2016 पासून गुरुग्राम झालें. द्रोणाचार्यांचा हा गांव, अशी तिकडील समजूत; तेव्हां तेथें एखादी शाळा उघड्या रानांत भरावी, हें ठीकच आहे.

त्या रानाचें नांव अरावली जैवविविधता उद्यान. क्षेत्र सुमारें 380 एकर. अरावली ही भरतखंडांतील अतिप्राचीन पर्वतांपैकीं एक. तिच्या मानानें आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण अगदींच अर्वाचीन. तिचा दगड गारेसारखा कठीण, म्हणून खडीस उत्तम, आणि हाच गुण तिला भोंवला. शहर वाढूं लागलें तसतशा टेकड्या फुटूं लागल्या. खाणी बंद पडल्यावर मागें राहिले ते खड्डे, उभे तुटलेले कडे, आणि सर्वांवर माजलेली वेडी बाभूळ. ही बाभूळ मूळची अमेरिकेची. इंग्रजांच्या अमदानींत दिल्लीच्या टेकड्यांवर ती मुद्दाम लावण्यांत आली. तिच्या सांवलींत दुसरें फारसें कांहीं वाढत नाहीं.

2010 सालीं तेथील महानगरपालिका व ‘आय ॲम गुडगांव’ हें नागरिकांचें मंडळ यांनीं ही ओसाड जागा हातीं घेतली. हातीं पैसा आला कीं हिरवळ अंथरावी, कारंजें बसवावें, गुलाबाचे ताटवे करावे, ही आपल्याकडील नेहमींची रीत. येथें तसें झालें नाहीं, याचें मला फार कौतुक वाटतें. या डोंगरावर मूळ काय उगवत होतें, हा प्रश्न प्रथम विचारला गेला. उत्तर जवळच होतें. मांगर नांवाच्या गांवीं ‘मांगर बनी’ म्हणून एक राखलेलें रान आहे. कोंकणांतील वाचकांस एका शब्दांत सांगावयाचें तर ती देवराईच. देवाच्या धाकानें जें रान वांचलें, तेंच नव्या रानाचा आदर्श झालें. तेथून व राजस्थानांतील डोंगरांतून बीं आणून रोपें केलीं. खड्डे बुजविले नाहींत. तळाशीं ओल धरते तेथें एक जात, वर उघड्या खडकावर दुसरी, अशी योजना केली.

खडकावरचें मुख्य झाड म्हणजे ‘धौ’. आपल्या धावड्याचा हा भाऊबंद. शेळ्यांनीं शेंडा खाल्ला तर तो मरत नाहीं. खडकाला चिकटून चटईसारखा पसरतो आणि संधि मिळतांच एक फांदी वर काढतो. सालईही तेथें आहे. अमरकोशांत शल्लकीला ‘गजभक्ष्या’ असेंही नांव आहे. कोशांत पाठ केलेला शब्द डिंकाच्या वासासह समोर उभा राहिला, तेव्हां माझ्यासारख्या जुन्या मास्तरास काय वाटलें असेल, हें संस्कृत शिकलेल्यांस सांगणें नको. पांढऱ्या सालीचा कांडोळ तर चांदण्यांत खरोखरच भुतासारखा दिसत असला पाहिजे. आपल्याकडे त्याला भुत्या म्हणतात तें उगीच नव्हे.

एका जुन्या खाणीच्या खड्ड्यांत पायऱ्या करून उघडें प्रेक्षागृह केलें आहे. आम्ही गेलों त्या दिवशीं शाळेचीं तीस-चाळीस मुलें रानांत आलीं होतीं. पुस्तक कोणाच्या हातीं नव्हतें. बाई एकेक बीं तळहातावर ठेवून दाखवीत. पंख असलेलें कोणतें, गरांत दडलेलें कोणतें, हें मुलेंच ओळखीत. माझ्या पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी बरोबर होती. तिनें विचारलें, “आजोबा, एवढा मोठा खड्डा कोणीं खणला?” मीं म्हटलें, “तुम्ही राहतां त्या अठरा मजल्यांना खडी लागली ना, ती अशाच खड्ड्यांतून आली.” ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “मग आतां आपण काय लावायचं?” तिचे वडील या रानापासून दोन कोसांवर सात वर्षें राहतात, तेही त्या दिवशीं प्रथमच आले होते.

2022 च्या फेब्रुवारींत या उद्यानास एक आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. अभयारण्य नसूनही जेथें जीवसृष्टि राखली जाते, अशा स्थळांसाठीं तो असतो व भारतांत तो मिळविणारें हें पहिलेंच स्थळ. परंतु सबंध अरावलीचें भाग्य एवढें निश्चिंत नाहीं. 2009 सालीं सर्वोच्च न्यायालयानें गुडगांव, फरीदाबाद व मेवात येथील अरावलींतलें खाणकाम थांबविलें होतें. 2025 च्या नोव्हेंबरांत, भोंवतालच्या भूमीहून 100 मीटर उंच असेल तीच टेकडी अरावलींत धरावी, ही व्याख्या त्याच न्यायालयानें मान्य केली व डिसेंबरांत स्वतःच तिला स्थगिति दिली. मीटरपट्टी लावून पर्वत ठरविण्याची ही कल्पना मला तरी पटत नाहीं. धौ लहान टेकडीवरही तितक्याच चिवटपणें उभा असतो.

जाणारानें पाऊस संपतांच जावें, म्हणजे रान हिरवें सांपडतें. पळस पाहावयाचा असल्यास फाल्गुनांत. कार्तिकांत दिल्लीची हवा धुरकट असते, म्हातारे व मुलें यांनीं तो महिना टाळावा. पायांत वहाणा नकोत, बूट असावे. खडी अजून वाटेवर आहेच.