पाण्याखालचं रान

धरणात मासे धरायचे तर पाण्याखालची जमीन ठाऊक असावी लागते. पवनेचं पाणी वरून सगळीकडे सारखंच दिसतं. खाली मात्र बांध, विहिरी, झाडांचे बुंधे, ओढ्याचं पात्र असं सगळं जागच्या जागी आहे. 1972 साली धरण पुरं झालं आणि आमच्या आजाची भातखाचरं बुडाली. पुढे त्याच खाचरांवर त्याने होडी घातली.

वल्हं मी त्याच्याकडेच शिकलो. तुंगाचा सुळका अलीकडच्या टेकाडावरच्या जांभळामागे आला आणि तिकोन्याचा माथा उजव्या खांद्याला दिसला, की तो म्हणायचा, "थांब बाळा, बांधावर आलो." मग सुतळीला बांधलेला दगड हळूच खाली सोडायचा आणि सुतळी माझ्या हातात द्यायचा. खाचरात दगड गाळात रुततो, वर ओढताना जड लागतो. बांधावर टेकला तर बोटांना बारीक हिसका बसतो. हा फरक अंगात मुरायला वर्षं जातात. सांगून तो कळत नाही. बांधावरून आडवं टाकलेलं जाळं दगडांत अडकून फाटतं. "बांधाच्या संगतीनं सोड," हा आजाचा धडा.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं. तेव्हा आजा होडी काठाला लावून भेगाळलेल्या रानातून अनवाणी फिरे. कुठला बांध ढासळला, कुठे गाळ चढला, हे पायांनी तपासून घेई. पुढच्या वर्षी जाळी कुठे लावायची ते तिथेच ठरे. माझ्या मते तो शेवटपर्यंत शेतीच करत होता.

सगळ्यांत खोल जागा जुन्या ओढ्याची. पाणी आटू लागलं की मोठा मासा तिथे उतरतो, आणि मृगाचा पाऊस पडून गढूळ लोंढा आला की अंडी घालायला त्याच वाटेने वर चढतो. त्या दिवसांत आजाची जाळी आढ्याला टांगलेली असत. आजी कालवणासाठी कितीही बोलली, तरी तो खाली काढत नसे.

मासे चढायच्या वाटा बुजल्या की काय करावं लागतं, ते लोणावळ्यात बघायला मिळतं. महाशीरला वाहतं, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ लागतो. नदीवर भिंत उभी राहिली की त्याचं वर चढणं थांबतं. वळवण तलावाकाठच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात माणसं 1970च्या दशकापासून महाशीरची अंडी उबवून पिल्लं वाढवत आली. मोठं काम आहे ते. पण आमच्या ओढ्यांवर अजून भिंती नाहीत. तिथे हे काम पाऊस फुकट करतो.

आता मात्र जूनमध्ये ओढ्यांच्या तोंडाशी मच्छरदाणीचं कापड आडवं लागतं आणि अंड्यांनी भरलेला मासा वर पोचायच्या आत टोपलीत जातो. काठावरच्या आमच्या पोरांना आणि पावसात पवनेला येणाऱ्या पाहुण्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिल्या पावसात ओढ्यांची तोंडं मोकळी सोडा, आणि चढणीचा मासा कुणी विकायला आणला तर घेऊ नका.