परगावचा धनी

इंग्लंडात ‘मी पुण्याचा’ असं सांगितलं की त्याला शेपूट जोडावं लागतं. मुंबईपासून तीन-चार तास, घाट चढून वर. ब्लॅकबर्नला ते लागलं नाही. मँचेस्टरला भाच्याकडे गेलो होतो, शनिवार मोकळा होता. तासाभराची आगगाडी धरून या गावी आलो आणि इवूड पार्क मैदानाच्या बाहेर, जॅक वॉकरच्या पुतळ्यापाशी उभा राहिलो. शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ कागदी पेल्यातला चहा पीत होते. गळ्यात निळी-पांढरी मफलर, विटून राखाडी व्हायला आलेली. कुठले तुम्ही, म्हणून विचारलं. पुण्याचा, म्हटलं. त्यांनी मान हलवली. लेक दिलेल्या गावचा माणूस दारात आला की आपल्याकडे बाप जशी मान हलवतो, अगदी तशी. ओळख पटलेली, पण याने बातमी काय आणली असेल याचा अंदाज अजून यायचा असलेली.

मग असा बाप जे विचारतो तेच त्यांनी विचारलं. “कशी आहेत हो माणसं?”

माणसं म्हणजे वेंकीजवाली. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या या समूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. मला त्या माणसांबद्दल काय ठाऊक? सिंहगड रस्त्याने जाताना त्यांची इमारत लागते. बी. व्ही. राव यांनी उभा केलेला कोंबड्या-अंड्यांचा प्रचंड पसारा, आणि अंडं ही रोज खायची वस्तू आहे हे देशाला पटवण्यात त्यांचा वाटा, एवढंच माहीत. “चांगली असावीत,” मी म्हटलं. “असतीलही,” ते म्हणाले, आणि पुतळ्याकडे बघू लागले. वरून पाऊस भुरभुरत होता. ब्राँझच्या खांद्यांवरून पाणी ओघळत होतं.

गावात त्या पुतळ्याला जॅक वॉकर कुणी म्हणत नाही. ‘अंकल जॅक’ म्हणतात. आपल्या बोलीत जॅककाका.

काकांचा जन्म याच गावातला, १९२९ चा. पोरवयात शाळा सुटली आणि हात पत्र्याच्या कामाला लागले. वडिलांनी पत्र्याचा लहानसा धंदा काढला होता. जॅक आणि फ्रेड या दोघा भावांनी तो पोलादाच्या व्यापारात नेला आणि इतका वाढवला, की १९८९ मध्ये ब्रिटिश स्टीलने त्याच्यासाठी ३३ कोटी पौंड मोजले. तेहतीस कोटी! आपल्याकडे हा आकडा देवांसाठी राखून ठेवलेला आहे.

एवढा पैसा एकदम हाती आला की माणसाचं खरं मागणं कळतं. काका लहानपणापासून रोव्हर्सचे. १९९१ च्या सुरुवातीला त्यांनी क्लबच ताब्यात घेतला. तेव्हा तो म्हणजे थोरल्या घराण्याचा पडका वाडा होता. स्थापना १८७५ ची, १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तिच्या बारा संस्थापकांतला एक, पण शेवटचं अजिंक्यपद १९१४ चं आणि वरच्या श्रेणीत खेळूनही पंचवीस वर्षं झालेली. काकांनी वाडा मुळापासून बांधायला घेतला. लिव्हरपूल सोडून घरी बसलेल्या केनी डॅलग्लिशला त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून आणलं. मे १९९२ मध्ये वेम्बलीला, एका पेनल्टीच्या जोरावर, संघ नव्याने निघालेल्या प्रीमियर लीगमध्ये पोचला. साउदॅम्प्टनहून ॲलन शिअरर आला, सुमारे ३३ लाख पौंडांचा, ब्रिटनमधला तेव्हाचा सगळ्यात महाग खेळाडू. दोन वर्षांनी ५० लाखांचा ख्रिस सटन आला आणि विक्रम पुन्हा मोडला. मैदानाच्या तीन बाजू पाडून नव्या उभ्या राहिल्या. एकतीस हजारांवर माणसं बसतील एवढं मैदान, आणि गावाची वस्ती जेमतेम लाख-सव्वालाख. म्हणजे चार घरांतलं एक घर मावेल.

“लोक म्हणायचे, विकत घेतलं अजिंक्यपद,” गृहस्थ म्हणाले. “घेतलंच. पण ज्याने घेतलं तो आमच्यात उभा राहिलेला होता.”

मग त्यांनी १४ मे १९९५ सांगायला घेतला. आता माझ्याकडे बघत नव्हते. शेवटचा सामना लिव्हरपूलशी, त्यांच्या ॲनफिल्डवर. मँचेस्टर युनायटेड दोन गुणांनी मागे, त्यांचा सामना त्याच वेळी लंडनमध्ये वेस्ट हॅमशी. शिअररने गोल केला, त्या मोसमातला चौतिसावा. मग लिव्हरपूलने फेडला. कानाला ट्रान्झिस्टर लावलेल्या माणसांभोवती घोळके झाले होते. अर्धे डोळे समोरच्या मैदानावर, सगळे कान लंडनला. आणि अगदी शेवटी लिव्हरपूलच्या रेडनॅपची फ्री किक जाळ्यात. २-१. हरले. हरल्याचं दुःख पोटापर्यंत पोचण्याआधीच ट्रान्झिस्टरवाले उड्या मारायला लागले. लंडनला १-१. रोव्हर्स ८९, युनायटेड ८८. हरलेला संघ अजिंक्य. ज्यांनी नुकतंच हरवलं ते लिव्हरपूलचे लोकसुद्धा टाळ्या वाजवत होते. एक तर डॅलग्लिश त्यांचाच, आणि युनायटेडच्या घरी करंडक गेला नाही याचा आनंद त्यांनाही कमी नव्हता. एक्क्याऐंशी वर्षांनी करंडक गावात आला, आणि तो काकांच्या हातात बघितला, असं सांगताना या गृहस्थांनी रिकामा पेला दोन्ही हातांत धरला होता.

मी हिशेबी माणूस. पुढचं मला वाचून माहीत होतं. त्याच उन्हाळ्यात डॅलग्लिशने प्रशिक्षकपद सोडून वरची खुर्ची घेतली. संघात मोठी भर पडली नाही. चॅम्पियन्स लीगच्या गटात रोव्हर्स तळाला राहिले, आणि मॉस्कोत तर त्यांच्याच दोन खेळाडूंनी भर सामन्यात एकमेकांवर हात उगारला. जुलै १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. आणि मे १९९९ मध्ये, अजिंक्यपदाला चारच वर्षं होत असताना, इवूड पार्कवरच संघ खालच्या श्रेणीत घसरला. मालक तेव्हा काकाच होते. मी हे जरा भीतभीतच काढलं. त्यांनी माशी हाकलावी तसा हात केला. “वाईट वर्ष होतं ते,” म्हणाले. वर्ष वाईट होतं. काका नव्हते.

१७ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगाने जॅक वॉकर गेले. क्लब पुन्हा वर आलेला त्यांनी पाहिला नाही. तो मे २००१ मध्ये आला. त्याच्या पुढच्या वर्षी कार्डिफला टॉटनहॅमला हरवून लीग कपही आला. गृहस्थ या गोष्टी अशा सांगत होते, जशा घरातला कर्ता गेल्यावर झालेल्या बारशा-लग्नांच्या सांगतात. आनंदाच्या असतात, पण प्रत्येक फोटोत एक जागा मोकळी दिसते.

आणि मग आम्ही आलो. ‘आम्ही’ म्हणताना मला जरा चोरट्यासारखं झालं. महिना व्हायच्या आत सॅम ॲलार्डाइस या प्रशिक्षकाला निरोप दिला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात आला, तेव्हा बालेवाडीत मी तो सामना पाहिला होता. रोव्हर्सने पुणे एफसीला ३-० असं हरवलं. आम्हाला केवढं अप्रूप! प्रीमियर लीगचा संघ, आपल्या बालेवाडीत, आणि वर आपल्याच गावच्या मालकीचा. त्याच सुमारास रोव्हर्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातानाची जाहिरात टीव्हीवर यायची. आम्ही हसायचो. ती जाहिरात इथे ब्लॅकबर्नमध्ये लोकांनी कोणत्या तोंडाने पाहिली असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली. ती हिरवळीवर गोंधळून फिरत राहिली. त्याच सामन्यात हरून संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. २०१७ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर दुसऱ्या कुठल्याही क्लबवर तोवर ही वेळ आलेली नव्हती. वर्षभरात तो तिथून वर आला, पण पहिल्या पंगतीत परत बसलेला नाही.

“तोटा मात्र पुण्याहूनच भरतात ना?” मी म्हटलं. माझ्या गावाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती. “भरतात,” ते लगेच म्हणाले. “पैशाला नाही म्हणत नाही आम्ही. पण येत नाहीत.”

आपल्याकडे खेड्यात अजून बायका नवऱ्याला धनी म्हणतात. धनी म्हणजे पैसेवाला, धनी म्हणजे मालक आणि धनी म्हणजे घरचा माणूसही. एकाच शब्दाने तिन्ही ओझी उचललेली. ब्लॅकबर्नची लेक माहेरीच राहते, याच रस्त्यावर, याच पावसात. फक्त धनी परगावचा. पहिल्या दोन अर्थांनी त्याच्यात काही कमी नाही. पैसे येतात. तिसऱ्या अर्थाची जागा रिकामी आहे आणि तिथे पुतळा उभा आहे.

अंतर मोजायला गेलं तर हेही टिकत नाही. जॅककाकासुद्धा कराच्या सोयीसाठी कधीचे जर्सी बेटावर राहायला गेले होते. समुद्रापल्याड. तरी गावाच्या लेखी ते गावातच होते. कारण त्यांचे पाय आधी या चिखलात भिजले होते. मैलांची गोष्ट वेगळी आणि पायांची वेगळी.

मैदानाच्या एका अंगाला डार्वेन नदी वाहते. नदी कसली, आपल्याकडे ओढाच म्हणतील. ती येते डार्वेन गावाकडून. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी त्या गावी येऊन राहिले होते. आपल्या विदेशी कापडावरच्या बहिष्काराने इथल्या गिरण्या बंद पडत होत्या, आणि त्याच गिरण्यांतल्या बायका त्यांच्याभोवती हसऱ्या चेहऱ्याने गोळा झाल्या, तो फोटो आपण पाहिलेला आहे. आपण हातमागावर बसायचं की इथलं कापड नेसायचं, हे एके काळी या बाजूच्या हिशेबांवर ठरायचं. दूरच्या धन्याच्या हातात आपलं घर असणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच की काय, या मैदानाबाहेर उभं राहून मला जिंकल्यासारखं काही वाटेना. ज्याने आपल्याला गिरणीच्या कापडाखाली दाबलं ते गाव हे नव्हे. हे गाव त्या गिरणीत राबणाऱ्यांचं.

फाटकं उघडली. गृहस्थ निघाले. दोन पावलं जाऊन मागे वळले आणि विचारलं, पुण्यात पाऊस पडतो का? पडतो, म्हटलं, जूनपासून चार महिने, कधी कधी धो धो. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग गर्दीत मिसळून गेले.

पावसाळ्यात परत आलो. एका संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग अडकली, नेमकी त्या इमारतीसमोर. काचेवर पाण्याचे ओघळ, पलीकडे उजळलेल्या खिडक्या. आत कुणीतरी रोव्हर्सच्या कागदांवर सही करत असेल, किंवा नसेल. माझी मान आपोआप हलली, त्या गृहस्थांची हलली होती तशी. मागच्याने हॉर्न वाजवला आणि मी गाडी पुढे काढली.