सीमारेषेबाहेरचा माणूस

पुणे–नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकून नारायणगावकडे जाऊ लागले, की वाटेत कळंब लागते. अशा गावात शाळेच्या क्रीडासंघाचा सारा भार बहुधा खेळाच्या एकट्या मास्तरांवर असतो. फक्कीने मैदानाच्या रेषा आखायच्या त्यांनीच, खो-खोचे खांब रोवायचे त्यांनीच, शिट्टी फुंकायची त्यांनीच. आणि तालुक्याच्या स्पर्धांहून परतताना कोणाची पिशवी एस.टी.त राहिली, तर ती शोधायचीही त्यांनीच. संघ जिंकला म्हणजे छायाचित्र निघते. त्यात मास्तर अगदी कडेला, कधी अर्धेच उमटलेले असतात. संघ हरला, तर मात्र गावात पहिली आठवण त्यांचीच होते.

अमेरिकेतील महाविद्यालयांत याच्या उलट प्रकार आढळतो. तेथे सॉफ्टबॉलच्या एका संघामागे प्रशिक्षकांचे एक लहानसे मंडळच असते. हा खेळ १८८७ साली शिकागो शहरात एका क्लबाच्या व्यायामशाळेत जन्मला. मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला होता आणि केरसुणीच्या दांड्याची बॅट! पुढे तो मैदानावर आला, वाढला आणि महाराष्ट्रातील शालेय व विद्यापीठांच्या स्पर्धांपर्यंत येऊन पोहोचला. या खेळातील एक प्रथा मोठी मौजेची आहे. फलंदाजी करणाऱ्या संघाचे प्रशिक्षक सामना चालू असताना पहिल्या व तिसऱ्या बेसजवळ आखलेल्या चौकटीत उभे राहू शकतात. टोपीला हात लाव, कानाची पाळी चिमटीत धर, छातीवरून तळवा फिरव, अशा त्यांच्या खुणा चाललेल्या असतात. त्यांतील खरी कोणती व प्रतिपक्षाला फसवण्यासाठी केलेली कोणती, हे फक्त त्यांच्याच खेळाडूंना ठाऊक. दुसऱ्या बेसवरून धावत सुटलेल्या खेळाडूला पाठीमागचा चेंडू दिसत नाही. तो केवळ तिसऱ्या बेसजवळच्या त्या माणसाच्या हाताकडे पाहतो. हात गरगर फिरला, की धावत राहायचे. दोन्ही तळवे समोर आले, की जागीच थांबायचे.

क्रिकेटमध्ये प्रशिक्षकाला ही सोय नाही. त्याची जागा सीमारेषेच्या बाहेर. तेथून त्याने कितीही हातवारे केले, तरी खेळणाऱ्याने मान वळवून पाहिले तरच त्यांचा उपयोग. न पाहिले तर काय होते, याची हकीकत मुंबईच्या आझाद मैदानावर घडलेली आहे.

दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघाचे प्रशिक्षक होते रमाकांत आचरेकर. सारे त्यांना सर म्हणत. १९३२ साली जन्मलेले हे गृहस्थ स्टेट बँकेत नोकरी करीत आणि उरलेला सारा वेळ शिवाजी पार्कवर मुलांना घडवण्यात घालवीत. स्वतः ते प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना खेळले. पण त्यांच्या हाताखालून बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर असे कितीतरी खेळाडू भारतीय संघात गेले. शब्दाने कौतुक करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांची एक रीत मात्र प्रसिद्ध आहे. दिवस कलला, मुलगा थकला, म्हणजे सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. सचिनला जो बाद करील, नाणे त्याचे. कोणीच बाद करू शकला नाही, तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने मिळवली व जपून ठेवली. रुपयाची किंमत ती काय! पण दमल्यावरही लक्ष ढळू न देणे म्हणजे काय, हे त्या एका रुपयाने जितके कळले, तितके तासभराच्या व्याख्यानाने कळले नसते.

सरांचा रागही तसाच होता. सरांनी ठरवून दिलेला सामना सोडून सचिन एकदा वानखेडे मैदानावर शाळेच्या मोठ्या मुलांचा खेळ पाहायला गेला. तेथे सरांची गाठ पडली आणि गालावर अशी चपराक बसली, की हातातला जेवणाचा डबा उडून अन्न इतस्ततः विखुरले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत बसण्यापेक्षा इतरांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असा खेळ कर, असे सरांनी त्याला बजावले. आजच्या शिक्षकाने हात उगारू नये, हे खरेच; पण सचिनने मोठेपणीही हा प्रसंग कृतज्ञतेनेच सांगितला आहे.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेतील उपान्त्य सामना आझाद मैदानावर सुरू झाला. समोर सेंट झेवियर्स शाळेचा संघ होता. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांत बाद झाले आणि चौदा वर्षांचा सचिन व सोळा वर्षांचा विनोद एकत्र आले. पहिला दिवस संपला, तरी दोघे खेळतच होते. दुसऱ्या दिवशी सर तेथे नव्हते. धावा पुरेशा झाल्या होत्या. आता डाव घोषित करून झेवियर्सला बाद करायला वेळ ठेवणे शहाणपणाचे होते. तसा निरोप सरांनी आपले साहाय्यक लक्ष्मण चव्हाण यांच्याकडे देऊन ठेवला होता.

चव्हाण सीमारेषेवर उभे राहून हाका मारू लागले, हात हलवू लागले. मधल्या खेळपट्टीवर दोघेही मुलगे तिकडे पाहीनात. चौकार बसत होते, धावफलक पळत होता. अशा वेळी कोणाला थांबावेसे वाटेल? साहाय्यकाची अवस्था नेहमीच अवघड असते. आज्ञा मुख्य प्रशिक्षकाची. पण ती पाळून घ्यायला लागणारा त्याचा धाक मात्र बरोबर मिळत नाही. सॉफ्टबॉलच्या मैदानावर चव्हाण तिसऱ्या बेसजवळच उभे असते. येथे त्यांच्या व मुलांच्या मध्ये अर्धे मैदान होते आणि मुलांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. भागीदारी अखेर ६६४ धावांपर्यंत गेली. क्रिकेटच्या कोणत्याही सामन्यात तोपर्यंत इतकी मोठी भागीदारी नोंदली गेली नव्हती. २००६ साली हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी हा विक्रम मोडला.

उपाहाराच्या वेळी मात्र सुटका नव्हती. मैदानाबाहेर आल्यावर चव्हाणांनी दोघांना सरांशी फोनवर बोलायला लावले. सचिन संघाचा कर्णधार होता, तेव्हा आधी त्यालाच बोलावे लागले. डाव ताबडतोब घोषित कर, ही सरांची आज्ञा. सचिनच्या ३२६ धावा झाल्या होत्या, विनोदच्या ३४९. विनोदला साडेतीनशे पुरे करायला फक्त एक धाव हवी होती. सकाळभर ज्यांना चव्हाणांचा आवाज ऐकू आला नव्हता, त्यांना तारेवरून आलेला हा आवाज मात्र लख्ख ऐकू आला. डाव २ बाद ७४८ धावांवर घोषित झाला. ती एक धाव काढायची राहिली, ती राहिलीच.

पुढे झेवियर्सचा डाव सुरू झाला, तेव्हा चेंडू विनोदच्या हाती आला. त्याने सहा गडी बाद केले आणि प्रतिपक्षाचा सारा संघ १४५ धावांत आटोपला.