ओहमचा हिशेब

सरकारी कचेरीत वीसेक वर्षं काढली की माणसाला दोनच आकडे पाठ राहतात, फाइलीचा नंबर आणि महागाई भत्त्याची टक्केवारी. त्यात मी कला शाखेचा, बी.ए.ला मराठी घेतलेला. ‘इम्पिडन्स’ या शब्दाशी माझी गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. ती पडली आमच्या घरच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे.

हा अ‍ॅम्प्लिफायर जपानी. १९८६ साली मामा कुवेतहून आले तेव्हा घेऊन आलेले. बाबा होते तोवर त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. बाबांच्या भजनाच्या तीन कॅसेटी आहेत. चवथीला आरत्या आटोपल्या, घुमट खाली ठेवलं की त्या लावायच्या, हा आता घरचा रिवाजच झाला आहे. बाबांचा आवाज त्याच पेटीतून ऐकायचा, असा आईचा हट्ट. आणि ती पेटी जळली तर आतले ट्रान्झिस्टर आता मिळायचे नाहीत, हे आमच्या दुरुस्तीवाल्याने केव्हाच सांगून ठेवलं आहे.

गेल्या चवथीला थोरल्या भावाचा मुलगा पहिल्या पगारातून स्पीकरची नवीन जोडी घेऊन आला. चौकात बसलेल्यांनाही ऐकू यावं म्हणून. “काका, चारूय एकदम लावया!” पोराचा उत्साह एवढा, की नाही म्हणायला जीभ रेटेना. पण नव्या स्पीकरच्या पाठीवर लिहिलं होतं ४ ओहम, जुने होते ८ चे. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर बारीक अक्षरांत: ए किंवा बी, ४ ते १६ ओहम, ए आणि बी एकदम, ८ ते १६ ओहम. आम्हा कारकुनांना बारीक अक्षरं वाचायची खोड असते, ती इथे कामी आली.

आता हा ओहम म्हणजे काय? गेओर्ग ओहम हा जर्मनीतला एक शाळामास्तर. विजेच्या प्रवाहाचा नियम त्याने १८२७ साली पुस्तक काढून मांडला. मला तो कुळागराच्या शिंपण्यावरून कळला. पंप एकच, पण नळ्या जास्त किंवा रुंद केल्या की पाणी जास्त जातं आणि सगळा ताण पंपावर येतो. ओहम कमी म्हणजे नळी रुंद. ‘चार म्हणजे आठापेक्षा हलकं’ असं आपल्याला वाटतं, असतं नेमकं उलट.

बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांत ए आणि बी दोन्ही बटणं दाबली की स्पीकर समांतर जोडले जातात. दोन आठांचे मिळून चार ओहम होतात, तेवढं आमची पेटी सोसते. पण आठ आणि चार मिळून बारा होत नाहीत. गुणाकाराला बेरजेने भागायचं, ३२ भागिले १२, म्हणजे २.६७. वीस व्होल्टला आठ ओहममधून अडीच अँपिअर जातात, २.६७ मधून साडेसात. तिप्पट! हळू आवाजात हे कळतही नाही. आवाज चढवला की पेटी तापते, आणि मग फ्यूज तरी जातो नाही तर ट्रान्झिस्टर तरी.

पुतण्या इंजिनियर, तो सहजासहजी ऐकणार थोडाच! मीटर आणून त्याने जुना स्पीकर मोजला. साडेसहा. “काका, हो आठाचो न्हयच!” त्याचंही बरोबर होतं. मीटर फक्त तारेच्या वेटोळ्याचा रोध मोजतो, तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच भरतो. इम्पिडन्स सुराबरोबर हलत असतो; खर्जात कुठे तीसच्याही वर चढतो, कुठे छापील आकड्याच्या खाली उतरतो. छापलेला आठ म्हणजे ढोबळ आकडा.

मग तो म्हणाला, एकामागे एक जोडूया. तसे बारा ओहम होतात आणि पेटी सुखरूप राहते हे खरं. पण त्यात आठवाल्याला चारवाल्याच्या दुप्पट शक्ती मिळते. शिवाय दोन वेगळ्या जातीचे स्पीकर एकमेकांचा सूर बिघडवतात. बाबांच्या आवाजावर हा प्रयोग करायला मी तयार नव्हतो, आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो गप्प झाला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्या पाहण्याचा अर्थ लावायला बी.ए. लागत नाही.

तोड मात्र त्या लेबलातच होती. ‘बी’वर एकटे चारवाले चालतात. तेव्हा संध्याकाळी ‘ए’ बंद केलं, त्याचे स्पीकर चौकात मांडले आणि पहिली कॅसेट लावली. आई स्वयंपाकघरातून उठून चौकात येऊन बसली. अर्ध्या तासाने मी पेटीवर हात ठेवून पाहिला, कोमट होती. पुतण्याने कागदाची पट्टी कापून दोन बटणांच्या मध्ये चिकटवली: ‘दोनूय एकदम दामूं नाकात’. खाली सही आणि तारीख घालायची सूचना माझी.