मेणाचे घर

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी मुलगी पुण्याहून जळगावास आली, तेव्हा तिने मजसाठी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. "बाबा, तुम्हांला आवडणार नाही; पण वाचा," एवढेच बजावून ती स्वयंपाकघरात निघून गेली. मुलांना आपला स्वभाव आपल्यापेक्षा अधिक कळतो, हे मला ठाऊक आहे. पुस्तक होते ग्रेगरी मॅग्वायर या अमेरिकन लेखकाचे 'विकेड', १९९५ साली निघालेले. एल. फ्रँक बॉम याने १९०० साली मुलांसाठी लिहिलेल्या ओझच्या जादूगाराच्या गोष्टीत जी एक दुष्ट चेटकीण आहे, तिचे हे प्रौढ वाचकांसाठी रचलेले चरित्र.

असल्या पुस्तकांविषयी माझे मत आधीच ठरलेले होते. लहानपणीच्या गोष्टी मोठ्यांनी उसवून नव्याने शिवणे म्हणजे आजीच्या पैठणीचे पडदे करण्यासारखे आहे, असे मी वर्गात अनेकदा बोलून गेलो आहे. मुले हसतात, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवले आहे. परंतु सुटी लांब होती, फराळ जड होता आणि दुपारी झोप येत नव्हती. मी पुस्तक उघडले.

बॉमच्या गोष्टीत त्या चेटकिणीला नावसुद्धा नाही. ती दुष्ट आहे, कारण गोष्टीला एक दुष्ट हवी आहे. डोरोथी नावाची मुलगी तिच्यावर बादलीभर पाणी ओतते आणि ती विरघळून जाते. मॅग्वायरने प्रथम काय केले, तर तिला नाव दिले. मूळ लेखकाच्या नावातील आद्याक्षरे घेऊन त्याने 'एल्फाबा' हा शब्द घडवला. तिची हिरवी कातडी ही देखील बॉमची नव्हे. ती १९३९ सालच्या चित्रपटाने दिलेली. मग तिला आईबाप दिले, महाविद्यालय दिले, बोलणाऱ्या प्राण्यांचे हक्क राजसत्ता काढून घेते तेव्हा येणारा संताप दिला. चारशे पाने वाचून झाल्यावर ती बादली पुन्हा येते. पाणी तेवढेच असते. मात्र ते आता कोणावर पडत आहे हे आपल्याला ठाऊक असते.

या तऱ्हेची पुस्तके आता इंग्रजीत पुष्कळ झाली आहेत. अँजेला कार्टरने १९७९ साली जुन्या परीकथांना हात घातला, तेव्हा ते धाडस होते. आज तो एक धंदा झाला आहे, असेही म्हणता येईल. क्रिस्टिना हेन्रीच्या 'लॉस्ट बॉय' या २०१७ सालच्या कादंबरीत पीटर पॅनचा वैरी कॅप्टन हुक आपली बाजू मांडतो. यांतली काही पुस्तके केवळ रक्त शिंपडून गोष्ट प्रौढ झाल्याचे समाधान मानतात. ती मी अर्ध्यावर ठेवली, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

पण 'जुनी गोष्ट जशी होती तशी असू द्या' हा जो माझा हट्ट होता, तो मात्र टिकला नाही. 'जशी होती' म्हणजे कशी? ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. म्हणजे बाळबोध गोष्ट म्हणून ज्या रूपाला आपण कवटाळून बसतो, ते रूपही कोणा मोठ्या माणसाने, मोठ्यांच्या सोयीसाठीच केलेले असते. सख्ख्या आईचा मत्सर सोसवेना, म्हणून जगातील साऱ्या सावत्र आयांच्या माथी तो मारण्यात आला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणण्यास १८६१ च्या सुमारास आरंभ केला, तो काही शाळकरी मुलांसाठी नव्हे. त्या गोष्टी मुलांच्या कपाटात मागाहून गेल्या.

आणि चेटकीण हा आमच्या खानदेशात निव्वळ गोष्टीतला विषय नाही. जळगाव-धुळ्याच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. तिकडच्या पाड्यांत एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या, क्वचित ठार केल्याच्या बातम्या आम्ही वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. कोणाचे मूल दगावते, कोणाचे गुरू मरते, आणि बोट वळते ते अनेकदा एकट्या, विधवा बाईकडे, जिच्या वाट्याला थोडी जमीन असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. पण कायदा बाईला नाव परत देत नाही. मॅग्वायरची कादंबरी मांडीवर ठेवून मी विचार करीत होतो की, चेटकिणीला आईबाप होते, ती शिकली, तिने प्रेम केले, एवढे सांगण्यासाठी चारशे पाने खर्च करणारा माणूस पडदे शिवीत नाही. माझे जपून ठेवलेले वाक्य त्या दिवशी निकामी झाले.

मराठीत हे काम आपण निराळ्या ठिकाणी केले. खांडेकरांनी १९५९ साली 'ययाति' लिहिली. १९६७ साली शिवाजी सावंतांचा कर्ण आणि इरावतीबाईंचे 'युगान्त' अशी दोन्ही पुस्तके आली. पुराणातल्या उपेक्षितांना आपण वाचा दिली. मात्र चुलीपाशी ऐकलेल्या गोष्टींकडे, ज्या पुराणांच्याही आधी कानावर पडल्या, त्यांच्याकडे आपण क्वचितच वळलो. जी. ए. कुलकर्ण्यांची 'बखर बिम्मची' हे एक नाव मनात येते. ग्रंथपाल ते पुस्तक मुलांच्या फळीवर ठेवतात आणि मोठी माणसे ते तेथून चोरून नेतात. आणि दुसरे नाव आमच्या घरचेच. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षर लिहिता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली. त्यांतील सुगरणीच्या खोप्यावरचे गाणे आपण शाळेत मुलांकडून म्हणवून घेतो. तरुणपणी वैधव्य आलेल्या, मुले पदरात घेऊन राबलेल्या बाईने पाखराच्या घराविषयी जे सांगितले, ते मुलांचे गाणे आहे असे आपल्याला का वाटावे, कोण जाणे! खोपा झाडाला टांगलेला असतो, एवढे तरी त्यात कोणी विसरू नये.

पाखराचे घर म्हटले की, मला अर्थातच चिमणी आणि कावळा आठवतात. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दाराशी येऊन दार उघडण्याची विनवणी करतो आणि चिमणी बाळाच्या न्हाण्यापासून काजळतिटीपर्यंत एकेक काम सांगत त्याला बाहेर तिष्ठत ठेवते. ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस नसेल. तात्पर्य आम्हांला सांगण्यात आले ते असे की, घर पक्के बांधावे.

आता ही गोष्ट खानदेशातली नव्हे, याविषयी माझी खात्री आहे. ती जेथे मुसळधार पाऊस हेच मोठे संकट आहे अशा कोणत्या तरी मुलखातून आमच्याकडे आली असावी. आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते. त्या उन्हात मेणाच्या घराचे काय होणार? मी ही शंका पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यापुढे ठेवली. त्यांनी गंभीरपणे सांगितले की, मधमाशीचे मेण वितळायला बासष्ट ते चौसष्ट अंश लागतात, सबब सावलीत ते वितळणार नाही. परंतु पस्तिशीच्या पुढे ते मऊ पडू लागते आणि भिंत म्हणून त्याचा भरवसा धरता येणार नाही. पत्र्यावर ऊन तापले तर मात्र ते वाहूनच जाईल. शास्त्रज्ञांना गोष्टी सांगाव्यात, त्या अशा नेमक्या होऊन परत येतात.

याउलट शेण. माझे बालपण गिरणाकाठच्या एका खेड्यात गेले. तेथे आमचे घर धाब्याचे, मातीच्या जाड भिंतींचे; वर लाकडे घालून पांढऱ्या मातीचा थर दिलेला, भुई शेणाने सारवलेली. उन्हाळ्यात त्या घरात शिरले की डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा. मेण कोणाच्याच घरी नव्हते. म्हणजे खानदेशापुरती ही गोष्ट अर्धीच आहे. वैशाखात चिमणीचे घर बसते, ती पिले घेऊन कावळ्याच्या दाराशी येते, आणि मग कावळा काय म्हणतो? कोणा तरुण लेखकाने प्रौढांसाठी कादंबरी लिहायची, तर ती येथून लिहावी, असे मी पदव्युत्तर वर्गाला विनोदाने सांगितले. एक विद्यार्थी शेवटच्या बाकावरून म्हणाला, "सर, कावळ्याला आधी घर तर परत बांधू द्या. पावसाळ्यात गेलं ते वैशाखापर्यंत उभं कोण करून देणार?" वर्ग हसला. मीही हसलो, पण मला जे आठवले त्याने तास लवकर संपवावा लागला.

१९७२चा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सहा-सात वर्षांचा असेन. त्या वर्षी पाऊस आला तो जणू मागची बाकी वसूल करीत आला. आमच्याकडे एक सालदार होता. त्याचे घर गावाबाहेर, नाल्याच्या अंगाला. कुडाचे, वर शेणमाती लिंपलेले. एका रात्री आम्ही जेवावयास बसलो असताना दाराची कडी वाजली. "माय, दार उघडा," असा बाईमाणसाचा आवाज आला. तिच्यासोबत मूल होते, कारण ते रडत होते. आजीने आतूनच सांगितले, "थांब, पानं उठू दे." मग पाने उठली. मग आजी म्हणाली, शेण फिरवू दे. मग देवापाशी दिवा लावायचा होता. मी आईच्या मांडीला टेकून ती कामे मोजीत होतो, आणि मला भय वाटत नव्हते, दयाही येत नव्हती. मला गंमत वाटत होती. मला ती गोष्ट पाठ होती. आता पुढे काय येणार, हे मला कळत होते. त्यानंतरचे मला काही आठवत नाही.

आजी दुष्ट बाई नव्हती. दुष्काळात तिने आपल्या हाताने माणसांना भाकरी वाढल्या होत्या. चिमणी-कावळ्याची गोष्ट मला तिनेच सांगितली.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. दिवाळी संपता संपता, तिच्या पायांना तेल लावताना मी विचारले, "आई, त्या रात्री आपण दार उघडलं होतं का गं?" कोणती रात्र, हे तिने विचारले नाही. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "उघडलं होतं की. तुला झोप लागली होती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "ओट्यावर निजली होती ती. गोणपाट दिलं होतं मी." दार उघडले होते की ओट्यावर गोणपाट दिले होते, या दोहोंत माझ्या मनाने अंतर पाहिले, पण तिचे डोळे मिटलेले होते आणि मी पुढे विचारले नाही. वाटीतले तेल संपत आले होते.

त्याच रात्री माझी पाच वर्षांची नात तिच्या पांघरुणात शिरली आणि गोष्टीचा हट्ट धरून बसली. मी शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो होतो. सारे ऐकू येत होते. पाऊस आला, शेणाचे घर वाहून गेले, कावळा भिजत चिमणीच्या दाराशी आला.

"आणि चिमणीनं लगेच दार उघडलं," आई म्हणाली. "म्हणाली, ये बाबा, आत ये, चुलीपाशी बस."

"नाही! असं नाही," नात उठून बसली. "आधी ती म्हणते, थांब. तू विसरलीस, पणजी. तो आधी बाहेर थांबतो."

"या चिमणीनं नाही थांबवलं."

"थांबवलं होतं! नीट सांग ना. पहिल्यापासून सांग."

आई काही बोलेना. मग पांघरुणाची सळसळ झाली, ती बहुधा पोरीला पुन्हा जवळ ओढीत असावी. आणि तिने पावसापासून पुन्हा सुरुवात केली.