जुन्या शिडाच्या बोटीतील पेट्रोल इंजिन आणि त्याचे रुसणे

शिडाच्या बोटीत इंजिनाचे स्थान दुय्यम असते. धक्क्यावरून बाहेर पडताना, वारा पडल्यावर किंवा अरुंद खाडीत शिरताना ते तेवढ्यापुरते चालवले जाते आणि शिडे वर चढताच बंद केले जाते, त्यामुळे पुष्कळदा ते पुरते तापण्याआधीच थंड होते व नंतर कित्येक आठवडे खाऱ्या दमट हवेत पडून राहते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथील युनिव्हर्सल मोटर कंपनीने १९४७ ते १९८५ या काळात बनवलेले ‘अ‍ॅटॉमिक फोर’ हे इंजिन या वापराचे ठळक उदाहरण होय. चार सिलिंडर, जेमतेम एक लिटरची क्षमता आणि मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर ३० अश्वशक्ती एवढाच त्याचा पसारा असला, तरी अशी सुमारे ४०,००० इंजिने तयार झाली आणि पिअर्सन, टार्टन, कॅटालिना यांसारख्या बोटींत बसवली गेली. त्याची घडण इतकी साधी आणि दणकट आहे, की ते सुरू होत नसेल तर दोष बहुधा इंजिनाच्या पोटात नसून त्याच्या भोवतीच्या बोटीत, म्हणजे तारांत, टाकीत, केबलमध्ये किंवा धूर बाहेर नेणाऱ्या मार्गात असतो. प्लग, पॉइंट, कॉइल असे एकेक सुटे भाग बदलत जाण्याची रूढ पद्धत खर्चिक ठरते ती याच कारणाने.

तपासणीला हात घालण्यापूर्वी दोन बाबी पार पाडाव्याच लागतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखालून ती वाऱ्यावर निघून जाते, पण बोटीला खालून वाट नसल्यामुळे ती बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, साचून राहते. म्हणूनच अमेरिकेतील पेट्रोल बोटींवर, इंजिन सुरू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा पंखा चार मिनिटे चालवावा आणि तळात वाफ नाही याची खात्री करावी, अशी सूचना लावलेली असते. प्लग उघड्यावर धरून ठिणगी पाहण्याची गॅरेजमधली सवय बोटीत कटाक्षाने टाळावी व त्यासाठी बंदिस्त परीक्षक वापरावा. दुसरी बाब पाण्याची. सेल्फ मारत असताना इंजिनाला जोडलेला पंप समुद्राचे पाणी ओढतच राहतो आणि ते सायलेन्सरमध्ये पडते. इंजिन पेटले तर धूर त्या पाण्याला बाहेर ढकलतो, पण ते पेटलेच नाही तर सायलेन्सर भरून पाणी मागे फिरते आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते. म्हणून दोन-तीन प्रयत्न फसताच सीकॉक, म्हणजे समुद्राचे पाणी आत घेणारी तळाची तोटी, बंद करावी आणि इंजिन पेटताक्षणी ती पुन्हा उघडावी. एखाद्या सैल तारेपायी अख्खे इंजिन खोलण्याची पाळी येते, ती बहुधा या तोटीच्या विस्मरणामुळे.

यानंतर पहिला संशय तारांवर घ्यावा. बॅटरीच्या १२ व्होल्टचे प्लगला लागणाऱ्या हजारो व्होल्टमध्ये रूपांतर करणारी कॉइल इंजिनावरच असते, परंतु जुन्या बोटींत करंट तिच्याकडे थेट जात नाही. तो स्टार्टरपाशी निघून सुकाणूजवळच्या फलकावरील अँपिअरमापकात जातो, तेथून किल्लीच्या स्विचमध्ये, आणि मग तेवढेच अंतर उलट कापून कॉइलपर्यंत पोहोचतो. या वाटेवरील प्रत्येक जोडात खारी हवा तांब्यावर हिरवा थर चढवते व प्रत्येक थर व्होल्टेजचा थोडा थोडा वाटा खातो. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असली, तरी स्टार्टर फिरताना ती दहा-अकरापर्यंत उतरते. त्यातून आणखी दोन व्होल्ट वाटेतच गळाले, तर स्टार्टर जोमाने फिरत राहतो आणि ठिणगी मात्र पिवळट व दुबळी पडते. अशा इंजिनाची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: सेल्फ चालू असताना ते मुळीच दाद देत नाही, पण किल्ली सोडताच, स्टार्टरचा भार बॅटरीवरून उतरण्याच्या त्या क्षणात, एखादा ठोका देते. सेल्फ मारत असताना बॅटरीपाशी आणि कॉइलच्या धन टोकापाशी व्होल्टेज मोजून दोन्हींची तुलना केली, की गळती आकड्यांत दिसते. बॅटरीच्या धन टोकापासून कॉइलपर्यंत तात्पुरती वेगळी तार ओढल्यावर इंजिन लगेच पेटले, तर कॉइल निर्दोष असून फलकाकडची वाट दोषी आहे हे सिद्ध होते.

तार ठीक असूनही ठिणगी नसेल, तर करंट जोडणारी व तोडणारी पॉइंटची जोडी पाहावी. तिच्यातील अंतर सुमारे ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, असावे लागते. मात्र दीर्घकाळ बंद राहिलेल्या बोटीत अंतर बरोबर असूनही पॉइंटच्या तोंडावर नजरेला न दिसणारा थर बसलेला असतो, आणि कोऱ्या जाड कागदाची पट्टी त्यांच्यामधून दोन-चारदा ओढली तरी काम भागते.

ठिणगी निळी व कडक असताना प्लग कोरडे निघत असतील, तर पेट्रोल पोहोचत नाही, आणि येथे प्रथम चोक पाहणे इष्ट. प्रीमियर पद्मिनीच्या काळातील वाचकांना चोकची मूठ परिचित असेल. हवेची वाट अडवून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणे हे तिचे काम. या इंजिनाचा कार्बोरेटर खाली बसवलेला असून त्यातील पेट्रोलला हवेच्या ओढीने वर चढावे लागते, आणि सेल्फच्या मंद गतीला ती ओढ इतकी क्षीण असते, की चोकची पाकळी पूर्ण मिटल्याखेरीज थंड इंजिन पेटतच नाही. केबलचे बाहेरील आवरण धरून ठेवणारी क्लिप सैल झाली, तर मूठ शेवटपर्यंत ओढली जाते, हाताला सारे यथास्थित वाटते, आणि पाकळी मात्र पाव भाग उघडी राहते. दुसऱ्या व्यक्तीने मूठ ओढावी आणि पाहणाऱ्याने कार्बोरेटरच्या तोंडावरील, उलट भडका अडवणारी जाळी काढून पाकळी प्रत्यक्ष पाहावी. पुढे जाण्यापूर्वी जाळी पुन्हा बसवावी.

चोक निर्दोष असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू काढून वाटीतील पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यावे. शिळ्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट थर जेटची बारीक भोके बुजवतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल तर हवेतील ओलावा शोषते, तो मर्यादेबाहेर गेला की पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसतो, आणि टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाजवळच असते. भांड्यात असे दोन थर दिसले, तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही. इंजिन पेटून मिनिटभरात मरत असेल, तर विजेवर चालणारा पेट्रोल पंप असलेल्या बोटींत ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच तपासावा. ऑइलचा दाब असल्याशिवाय पंपाला करंट मिळू नये यासाठी तो असतो, आणि तो बिघडल्यास इंजिन वाटीत उरलेल्या पेट्रोलपुरतेच चालते.

कॉम्प्रेशनचा क्रम शेवटी लागतो. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, आणि तो तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गंजून अडकला असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी वरचे हेड उतरवण्याआधी बाजूचे झाकण काढून तो व्हॉल्व्ह पातळ ऑइलने सोडवण्याचा प्रयत्न अवश्य करून पाहावा.